कुंपणापलीकडच्या मिस : लिव्हरपूल आणि कर्बीतील तीन दिवस

लेकीकडे मँचेस्टरला जाण्याची ही माझी तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला मी परसात साडी वाळत घालत असताना शेजारच्या कुंपणावरून एका वृद्ध बाईंनी मला विचारले होते, "तुम्ही मलायाच्या का?" मलाया म्हणजे आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पाचा भाग. साताऱ्याच्या बाईला कोणी हा प्रश्न विचारील, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. मी भारतातली आहे, असे सांगितल्यावर त्या खजील होऊन म्हणाल्या की, त्यांनी आयुष्यात पहिली साडी लहानपणी पाहिली ती मलायाहून आलेल्या एका विद्यार्थिनीच्या अंगावर, आणि तेव्हापासून साडी म्हणजे मलाया असेच त्यांच्या मनात बसून गेले. माझा नातू त्यांना 'नॅन' म्हणतो. लिव्हरपूलकडे आजीला नॅन म्हणतात, त्यामुळे आम्ही सगळेच तसे म्हणू लागलो.

पुढे चहाच्या गप्पांतून उलगडत गेले की, नॅनचे बालपण लिव्हरपूलजवळच्या ज्या कर्बी गावात गेले तिथे १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे मलायातील भावी शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण महाविद्यालय होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सदतीस वर्षे शिकवले आणि त्याआधी दोन वर्षे डी.एड.च्या वसतिगृहात काढली, म्हणून हा विषय निघाला की मी खुर्ची पुढे ओढून बसत असे. अखेर २०२४ च्या सप्टेंबरात नॅनच म्हणाल्या, "बोलून काय होणार? चला, दाखवते." त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर, माझे बासष्ट, आणि बरोबर सामानाला हात लावायला जावई. असे तिघे तीन दिवसांसाठी निघालो.

पहिला दिवस : लिव्हरपूल

प्रवासाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. गाडी वेळेवर सुटली, वेळेवर पोहोचली आणि लाइम स्ट्रीट स्थानकाजवळची खोली स्वच्छ निघाली. सामान टाकून आम्ही नदीकडे गेलो. मर्सी नदीवरचा वारा हा वेगळाच प्रकार आहे. तो समोरून येतो, मग कोपऱ्यावरून वळून पाठीमागून येतो, आणि छत्री उघडणाऱ्या माणसाकडे स्थानिक लोक दयेने पाहतात. माझी छत्री पहिल्या दहा मिनिटांत उलटी झाली. इथे येणाऱ्यांनी छत्री घरी ठेवावी आणि टोपीचा पावसाळी कोट आणावा.

लिव्हरपूलच्या वस्तुसंग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे. तिथे जुन्या उन्नत रेल्वेचा एक डबा जपून ठेवला आहे आणि त्यात बसताही येते. ही रेल्वे १८९३ मध्ये सुरू झाली आणि १९५६ च्या अखेरीस बंद पडली. गोदीच्या कडेकडेने, रस्त्याच्या डोक्यावरून ती धावत असे आणि तिच्याखालून चालले की पाऊस लागत नसे, म्हणून लोक तिला गोदी कामगारांची छत्री म्हणत. नॅनचे वडील गोदीत हमाल होते. लाकडी बाकावर बसून त्या हात दोन फूट लांब करून म्हणाल्या, "बाबा सांगायचे, रबराच्या गाठी एवढ्या असायच्या. खाली टाकली की उसळी मारायची. घरी आले की त्यांच्या सदऱ्याला धुराचा वास यायचा." त्या काळी मलायाचे रबर आणि कथील या बंदरात उतरत असे, आणि शिकाऊ शिक्षकांनाही मलायाहून इंग्लंडला जहाजाने यायला तीन-चार आठवडे लागत.

त्यांचा जन्म स्कॉटलंड रोडच्या बाजूच्या एका खोलीतला. एका खोलीत सहा माणसे आणि अंगणात चार घरांत मिळून एक संडास. महायुद्धातील बाँबहल्ल्यांनी आधीच जागेची टंचाई केलेली होती, म्हणून नगरपालिकेने शहरापासून दहाएक किलोमीटरवर कर्बीच्या शेतजमिनीत घरे बांधायला घेतली. १९५१ साली जिथे जेमतेम तीन हजार माणसे राहत होती, तिथे दहा वर्षांत बावन्न हजार झाली. नॅनचे कुटुंब १९५३ मध्ये तिकडे गेले. जुनी गल्ली पुढे मर्सीखालच्या दुसऱ्या बोगद्याच्या रस्त्यात गेली, तेव्हा तिथे दाखवायला काहीच नव्हते. नॅननी टॅक्सीतून एका वळणाकडे बोट केले, इतकेच.

रात्री जेवायला 'स्काउस' घेतले. हे लिव्हरपूलचे घरगुती कालवण म्हणजे मटण किंवा गोमांस, बटाटे, गाजर आणि कांदा तासन्‌तास शिजवून केलेला दाट रस्सा, आणि सोबत व्हिनेगरमध्ये मुरवलेली लाल कोबी. या शहरातल्या लोकांना स्काउसर म्हणतात ते यावरूनच. मी शाकाहारी, त्यामुळे मला 'आंधळे स्काउस' मिळाले. ज्यांच्याकडे मांसाला पैसे नसत त्यांचा हा पदार्थ. मीठ आणि मिरी सोडून त्यात काही नव्हते, पण दिवसभराच्या वाऱ्यानंतर तो गरम रस्सा घशाखाली उतरला तेव्हा मी तक्रार केली नाही. जावयाने मात्र पिशवीतून हळूच शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली. नॅननी ती चटणी लाल कोबीवर पसरली आणि संपवली.

दुसरा दिवस : कर्बी

गावाचे नाव इंग्रजीत लिहिताना मधे एक 'क' येतो, पण तो उच्चारायचा नाही. उच्चारला तर समोरचा माणूस ओळखतो की पाहुणा आहे. जुन्या नॉर्स भाषेत या नावाचा अर्थ 'चर्चचे गाव' असा होतो. लिव्हरपूल सेंट्रलहून गाडीने वीस मिनिटांत तिथे पोहोचता येते. दिवसभर फिरायचे असेल तर सकाळच्या गर्दीनंतर चालणारे 'सेव्हअवे' हे एका दिवसाचे तिकीट काढावे, ते बसलाही चालते. मँचेस्टरहून थेट येणाऱ्यांना विगनमार्गे हेडबोल्ट लेन या २०२३ मध्ये उघडलेल्या नव्या स्थानकापर्यंत येऊन तिथून एकच स्थानक पुढे जाता येते. परत जाताना आम्ही तसेच केले.

प्रथम सेंट चॅडचे चर्च पाहिले. तांबड्या वालुकाश्माची ही भारदस्त इमारत १८७१ मध्ये पूर्ण झाली, आणि आतले बाप्तिस्म्याचे दगडी पात्र मात्र तिच्याहून कित्येक शतके जुने आहे. त्यावरच्या कोरीव आकृती बोटांनी चाचपून पाहाव्यात अशा आहेत, पण तसे करू नये. चर्च रोज उघडे असतेच असे नाही, म्हणून आधी चौकशी करावी.

तिथून पुढे नॅन आघाडीवर होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई काठी टेकत इतक्या झपाझप चालू शकते, हे मला ठाऊक नव्हते. एका वळणावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "इथून कुंपण सुरू व्हायचे."

समोर लाल विटांची घरे होती. दारात गाड्या, कचऱ्याच्या चाकांच्या पेट्या, एका अंगणात मुलांची घसरगुंडी. महाविद्यालयाची एक वीटही मला दिसली नाही. मला थोडे फसवले गेल्यासारखे वाटले, हे कबूल करते. मनात मी आमच्या डी.एड. कॉलेजसारखी एखादी जुनी कमान, निदान एक गंजलेली घंटा धरून बसले होते.

नॅनना मात्र सगळे दिसत होते. महायुद्धात कर्बीला दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना होता, तिथे ऐन भरात वीस हजारांहून अधिक माणसे काम करत आणि त्यांत बहुसंख्य बायका होत्या. त्यांच्या राहण्यासाठी बांधलेल्या बैठ्या, लांबट वसतिगृहांत पुढे हे महाविद्यालय भरले. युद्धानंतर मलायात इंग्रजी शाळांना प्रशिक्षित शिक्षक पुरत नव्हते आणि तिथल्या संस्थांत एवढ्या जागा नव्हत्या, म्हणून सरकारने थेट इंग्लंडमध्येच स्वतःचे महाविद्यालय उघडले. दर वर्षी साधारण दीडशे तरुण-तरुणी निवडून पाठवल्या जात आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपवून परत जात. मलाय, चिनी, तमिळ, मल्याळी, शीख अशी सगळी मुले एकाच छपराखाली राहत, एकाच भोजनगृहात जेवत. मायदेशी ज्यांच्या शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, त्यांची एकमेकांशी खरी ओळख लिव्हरपूलच्या थंडीत झाली. दहा वर्षांत असे सुमारे दीड हजार शिक्षक तयार झाले. १९५५ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनजवळ ब्रिन्सफर्ड लॉज येथे असेच दुसरे महाविद्यालय निघाले, तेही युद्धकाळातील कामगारांच्या वसतिगृहातच.

"आम्हाला यातले काही माहीत नव्हते," नॅन म्हणाल्या. "आम्हाला एवढेच माहीत की, कुंपणापलीकडून वेगळा वास येतो." नव्या वसाहतीत तेव्हा धड दुकाने नव्हती, रस्ते चिखलाचे होते, आणि मुलांना खेळायला बांधकामाचे वाळूचे ढीग. गोळ्या-चॉकलेटांवरचे रेशनिंग १९५३ च्या फेब्रुवारीत उठले, पण घरात त्यासाठी पैसे कुठे होते? अशा वेळी कुंपणाच्या तारेला नाक लावून उभे राहिले की पलीकडे तरुण मुले गोल करून वेताचा चेंडू पायाने उडवताना दिसत. हात लावायचा नाही आणि चेंडू खाली पडू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. फुटबॉलवेड्या लिव्हरपूलच्या पोरांना हा खेळ आधी विचित्र वाटला आणि मग आठवडाभरात तारेच्या अलीकडेही तसाच गोल सुरू झाला. वेताचा चेंडू नव्हता, म्हणून मोज्यात चिंध्या भरल्या. नॅनच्या भावाने त्यासाठी वडिलांचा गोदीत घालायचा लोकरी मोजा पळवला होता आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता.

पहिला बर्फ पडला की पलीकडची सगळी मोठी माणसे लहान मुलांसारखी बाहेर धावत. बर्फाचा गोळा कसा वळायचा, तो किती दाबायचा, हे त्यांना कुंपणाअलीकडच्या पोरांनी शिकवले. "शिक्षकांना आम्ही शिकवले," असे नॅन आजही अभिमानाने सांगतात.

मला सर्वांत मोलाची वाटली ती त्यांच्या वर्गातली आठवण. या विद्यार्थ्यांना सराव पाठ घ्यायला आसपासच्या शाळांत पाठवत, आणि नॅनच्या वर्गात एक तरुण शिक्षिका आली. तिचे नाव मुलांना उच्चारता येईना, म्हणून ती नुसती 'मिस' राहिली. ती साडी नेसे. वरून जाड लोकरी कोट आणि पायांत मोजे. तिच्या पाठाच्या दिवशी मागच्या बाकावर महाविद्यालयाचे प्राध्यापक वही उघडून बसले होते. विषय होता रबराचे झाड. मिसने फळ्यावर खोड काढले, त्यावर तिरका काप काढला, खाली वाटी काढली, आणि पुढे बोलायला तोंड उघडले तो शब्दच फुटेना. खडू हातातून पडून मोडला.

नॅन रस्त्यातच थांबून हे सांगत होत्या. "आमचा वर्ग म्हणजे चाळीस वांड पोरे. एरवी आम्ही छप्पर उडवले असते. पण मागे तो माणूस लिहितोय, हे आम्हाला दिसत होते. माझ्या शेजारच्या मुलाने हात वर केला आणि विचारले, 'मिस, काप तिरका का?' आणि मग एकामागून एक सगळ्यांचे हात वर. उत्तर येत नसले तरी हात वर."

मी तिथल्याच एका बुटक्या भिंतीवर बसले. १९८२ साली सराव शाळेतील चौथीच्या वर्गात माझा पहिला पाठ होता. टाचण पाठ होते, खादी फलकावर चिकटवायची चित्रे क्रमाने लावलेली होती, आणि मागच्या रांगेत निरीक्षणाला आमच्या बाई. माझी चित्रे एकेक करून फलकावरून खाली गळू लागली. वर्गातला एक मुलगा उठला, न सांगता पुढे आला आणि उरलेला सगळा पाठ फलकाला हाताने चित्रे दाबून धरून उभा राहिला. त्याचे नाव मला आठवत नाही. बाईंनी शेऱ्यात लिहिले होते, 'विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम'. इतकी वर्षे मला वाटत होते की, सराव पाठाचे वर्ग म्हणजे शिकाऊ शिक्षकांनी हात बसवून घ्यायच्या पाट्या. पोरे दुसऱ्या दिवशी सारे विसरून जातात.

"मग तिने काय सांगितले? काप तिरका का?" जावयाने विचारले.

"डावीकडे वर, उजवीकडे खाली," नॅन क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या. "चीक वाहणाऱ्या नळ्या खोडात सरळ उभ्या नसतात, किंचित कलत्या असतात. असा काप घेतला तर जास्त नळ्या कापल्या जातात. उलटा घेतला तर चीक कमी येतो." हे त्यांनी अडुसष्ट वर्षांपूर्वी एकदाच ऐकले होते, आणि त्यांनी रबराचे झाड आजवर पाहिलेले नाही. मी मात्र पाहिले आहे. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे केरळातून आलेल्या बागायतदारांनी रबराच्या बागा लावल्या आहेत, तिथे नणंदेकडे गेले असता पहाटे चीक काढणारी माणसे मी पाहिली होती, आणि खोडावरचे सगळे काप डावीकडून उजवीकडे उतरत होते. त्याचे कारण विचारायचे मला सुचले नव्हते. ते मला कर्बीच्या फुटपाथवर कळले.

दुपारी नगरकेंद्रातील ग्रंथालयाच्या इमारतीत नोजली परगण्याचे अभिलेखागार पाहिले. कर्बी या परगण्यात येते. ज्यांना अशा विषयात खरी गोडी आहे त्यांनी आधी कळवून जावे. काय हवे ते सांगून ठेवले की कर्मचारी कागद काढून ठेवतात. आमच्यापुढे एका जुन्या नकाशाची प्रत आली आणि नॅननी भिंगाखाली वसतिगृहांचे लांबट ठोकळे मोजायला सुरुवात केली. नकाशावर त्यांच्या शाळेपासून कुंपणापर्यंतचे अंतर बोटाच्या पेराएवढे होते.

मलेशियाच्या इतिहासात या कुंपणाआडच्या जागेला वेगळेच स्थान आहे. १९५६ च्या आरंभी मलायाचे तेव्हाचे मुख्यमंत्री टुंकू अब्दुल रहमान स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी लंडनला आले होते. बोलणी यशस्वी झाल्यावर, ७ फेब्रुवारीला, ते कर्बीला आले आणि मलाया ३१ ऑगस्ट १९५७ रोजी स्वतंत्र होणार, ही बातमी त्यांनी या विद्यार्थ्यांना सांगितली. मायदेशातील जनतेसमोर, मलाक्काच्या मैदानावर, त्यांनी ती घोषणा केली ती त्यानंतर, २० फेब्रुवारीला. एका देशाच्या स्वातंत्र्याची तारीख त्या देशाच्या भूमीआधी लिव्हरपूलच्या उपनगरातील भावी शिक्षकांनी ऐकली, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. नॅनना मात्र त्यातले एवढेच आठवते की, त्या आठवड्यात मिस वर्गात सारखी हसत होती आणि तिने कारण सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, "मग तुम्ही आता लगेच जाणार का?"

बाजारात गरम पेस्ट्या आणि चहा घेऊन आम्ही परतलो. चहा इतका कडक की चमचा उभा राहावा.

तिसरा दिवस : जर्मिन स्ट्रीट आणि परत

नॅनच्या घोट्याला सूज आली होती, म्हणून त्या खोलीवर थांबल्या. मी आणि जावई टॉक्स्टेथ भागात गेलो. लिव्हरपूलच्या जहाज कंपन्यांत, विशेषतः ब्लू फनेलच्या बोटींवर, मलाय खलाशी पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले, आणि त्यांतले काही इथेच लग्न करून राहिले. १९५० च्या दशकात त्यांनी सेंट जेम्स रोडवर स्वतःचा क्लब काढला, तो १९६३ मध्ये जर्मिन स्ट्रीटवरच्या सात क्रमांकाच्या घरात गेला. कर्बीचे विद्यार्थी सुटीच्या दिवशी जुन्या क्लबात येत. खलाशांना मायदेशाची ताजी खबर मिळे आणि विद्यार्थ्यांना तिखट जेवण. क्लब आता राहिलेला नाही. घर मात्र आहे, ओळीतल्या इतर घरांसारखेच. ते पाहायला मुद्दाम वाट वाकडी करावी असे मी म्हणणार नाही. त्यापेक्षा सेंट जेम्सच्या टेकडीवरच्या अँग्लिकन कॅथीड्रलला तास द्यावा. त्याचे काम १९०४ पासून १९७८ पर्यंत चालले, म्हणजे मलायाच्या पोरांनी ते परांचीने वेढलेले, अर्धेच पाहिले असणार.

संध्याकाळी विगनमार्गे निघालो. बाहेर पाऊस, आत काचांवर वाफ. नॅननी पिशवीतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला, जो तीन दिवस त्यांनी उघडला नव्हता. आत मलायातल्या संस्थानांची जुनी टपाल तिकिटे होती : केडा, पेराक, जोहोर, सेलांगोर, एकावर वाघ, एकावर भाताचे शेत, एकावर अननस. कुंपणावरून मागून घेतलेली. परत जाताना मिसने वर्गातल्या प्रत्येकाला पत्र लिहायचे कबूल केले होते आणि चाळीस पत्रे कोण लिहिणार, म्हणून शाळेच्या पत्त्यावर एकच लिहिले. त्यावरचे तिकीट कोणी घ्यायचे, यावरून वर्गात मारामारी झाली होती.

"तुम्हाला मिळाले का?" मी विचारले.

"नाही. काप तिरका का, असे विचारणाऱ्या मुलाला मिळाले," त्या म्हणाल्या. "न्याय्यच होते." आणि मग काचेवरच्या वाफेवर बोटाने त्यांनी एक खोड काढले, डावीकडे वरून उजवीकडे खाली एक रेघ ओढली आणि तिच्या टोकाशी एक लहानशी वाटी.